मागच्या रांगेतला खर्ज

(मंडळाच्या बालसंगीत कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, "मुलांचे कार्यक्रम झाले की बक्षीस समारंभाआधी पंधरा मिनिटं काहीतरी बोल." मी कॉम्प्युटर इंजिनियर. व्यवसायाने कन्सल्टंट, म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळात बघून त्यालाच वेळ सांगणारा आणि वर त्याचं बिल पाठवणारा. संगीतातलं माझं शिक्षण म्हणजे गणपतीतल्या आरत्या, त्याही टाळ हातात असेल तर. तरीही आज मी एका वाद्याबद्दल आणि ते वाजवणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. आमच्या घरात ते वाद्य गेली दीड वर्षं दिवाणखान्यात पाहुण्यासारखं उभं आहे. पाहुणा निदान जेवून जातो, हा हलतच नाही!

वाद्याचं नाव डबल बास. व्हायोलिनच्या घराण्यातला हा सगळ्यात थोरला आणि सगळ्यात मितभाषी सदस्य. उंची सहा फुटांच्या आसपास, चार जाड तारा, आणि गज फिरला की जो आवाज येतो तो कानाआधी पायांना कळतो. माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात नाव घालताना तिने व्हायोलिन सोडून हे निवडलं. अर्थात तिच्या वयाला साजेसं, अर्ध्या मापाचं. आता "अर्ध्या मापाचं" हेही नावालाच. माझ्या आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अरे, एवढंसं पोर आणि केवढं ते धूड! बासरी नव्हती का शाळेत?"

आईचा प्रश्न साधा होता. पण त्यानंतर आपल्याच मंडळातल्या मित्रांनी विचारलेले प्रश्न जरा वेगळे होते. "बास? त्यात सोलो असतो का?" "कॉम्पिटिशनला पाठवता येतं का?" "कॉलेज ॲप्लिकेशनमध्ये कसं दिसेल?" मंडळी, मी कोणाची चेष्टा करत नाही. आपण सगळेच दोन सुटकेसेस घेऊन या देशात आलो. इथे पुढच्या रांगेत बसलेला दिसतो आणि मागच्या रांगेतला विसरला जातो, हे आपण अनुभवाने शिकलोय. मुलांना पुढे ढकलण्यामागे ती भीती असते. म्हणूनच मला वाटलं की मागच्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसांची गोष्ट आज इथे सांगावी. सोयीची गोष्ट अशी की, त्यातली सर्वात विलक्षण गोष्ट आपल्याच अटलांटातली आहे.

आपण शनिवारी सकाळी अल्फारेटा-जॉन्स क्रीकहून मिडटाउनला जातो, तिथे पीचट्री स्ट्रीटवर वुडरफ आर्ट्स सेंटर आहे. त्यात अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्राचं सभागृह. या ऑर्केस्ट्राची पहिली मैफल ४ फेब्रुवारी १९४५ रोजी झाली. तेव्हा तो शाळकरी मुलामुलींचा ऑर्केस्ट्रा होता, नावही अटलांटा यूथ सिम्फनी. दुसरं महायुद्ध संपायचं होतं. त्या मैफलीत डबल बास वाजवायला एक मुलगी उभी होती. दोनच दिवसांपूर्वी तिला सोळावं वर्ष पूर्ण झालं होतं. लग्नानंतर ती जेन लिटल झाली.

या जेनबाईंना खरं तर बॅले नर्तकी व्हायचं होतं. ते जमलं नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्राला बास वाजवणारं कोणी हवं होतं, म्हणून हे वाद्य त्यांच्या हाती आलं. आडनाव लिटल, आणि मूर्तीही तशीच. उंची चार फूट अकरा इंच, वजन सुमारे अठ्ठ्याण्णव पौंड, म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलो. गंमत बघा, डबल बासच्या सर्वात वरच्या तारेचा स्वर सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपनांचा असतो. इंजिनियरला असले योगायोग फार आवडतात! तर या एवढ्याशा बाईंनी आपल्यापेक्षा हातभर उंच वाद्य आयुष्यभर वाजवलं. त्यांचे यजमान वॉरन लिटल याच ऑर्केस्ट्रात बासरीवादक, १९४८ ते १९९२. संसाराची वाटणी अशी की नवऱ्याने बायकोचा बास उचलायचा आणि बायकोने नवऱ्याची बासरी. आमच्या घरी मिनीव्हॅनमध्ये बास चढवताना मला वॉरनरावांची आठवण येते.

ऑर्केस्ट्राचे कंडक्टर बदलत गेले. (एस.टी.चे नव्हेत, पण हातवारे बरेचसे तसेच!) हेन्री सॉपकिन, मग रॉबर्ट शॉ, मग योएल लेव्ही, मग रॉबर्ट स्पानो. चार संगीत दिग्दर्शकांच्या कारकिर्दी पार पडल्या, वाद्यवृंदाचं नाव बदललं, हौशी मुलांचा संच पूर्णवेळ व्यावसायिक झाला, १९६८ साली नवीन सभागृह बांधलं गेलं. जेनबाई मात्र मागच्या रांगेत त्याच तारांवर बोटं ठेवून होत्या.

आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग होता, केमोथेरपी चालू होती, मणक्यालाही दुखापत झाली होती. तरी ४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या रंगमंचावर परतल्या. त्या दिवशी एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायला लागून त्यांना एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि गिनेस बुकातला विक्रम त्यांच्या नावावर लागला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ मे २०१६ च्या रविवारी, ब्रॉडवेच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. ठरलेला कार्यक्रम संपला, प्रेक्षकांच्या आग्रहाखातर शेवटचं जादा गाणं सुरू झालं. गाणं होतं 'देअर इज नो बिझनेस लाइक शो बिझनेस'. ते संपायला अर्धा मिनिट उरला असताना जेनबाई रंगमंचावरच कोसळल्या. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. वय सत्त्याऐंशी. आपल्याकडे कीर्तनकाराला कीर्तनात मरण आलं तर लोक हात जोडतात. अटलांटातल्या लोकांनीही त्या रात्री तेच केलं असणार.

आता कोणी म्हणेल, मृत्यू नाट्यमय झाला म्हणून तुम्हाला गोष्ट सांगाविशी वाटली. तसं नाही. मला त्या अर्ध्या मिनिटापेक्षा आधीच्या एकाहत्तर वर्षांचं कुतूहल आहे. माझ्या स्वतःच्या बारा वर्षांच्या नोकरीत मी सात क्लायंट पाहिले. दर दीड-दोन वर्षांनी नवीन बॅज, नवीन पासवर्ड, नवीन कॅफेटेरिया. माणूस एकाच जागी एकाहत्तर वर्षं काय करत असेल?

याचं उत्तर शोधायला मी माझ्या पद्धतीने निघालो, म्हणजे आधी यंत्र समजून घ्यायचं. बासची सर्वात खालची तार सेकंदाला साधारण एकेचाळीस वेळा कंप पावते. त्या स्वराची हवेतली तरंगलांबी सव्वाआठ मीटर, म्हणजे आपल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी. एवढी मोठी लाट नीट बाहेर फेकायला बासचं ते धूडही लहान पडतं. त्यामुळे मूळ स्वर तसा क्षीणच बाहेर येतो. त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे स्वर मात्र ठसठशीत येतात. आपला मेंदू त्यांच्यावरून खालचा स्वर स्वतः भरून घेतो. थोडक्यात, बासचा पाया आपण पूर्ण ऐकत नाही, तो आपल्याला जाणवतो. आपल्या तंबोऱ्याचं काय वेगळं आहे? मैफलीहून परतताना तंबोरा किती छान वाजला असं कोणी म्हणत नाही. पण खर्जाची तार जरा उतरू द्या, गवई लगेच मान वळवून बघतो.

ऑर्केस्ट्रात हेच होतं. तीसेक व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या, तुताऱ्या, या सगळ्यांना आपला स्वर नि लय टेकवायला खाली काहीतरी लागतं. ते काम आठ-नऊ बासवादक करतात. बास जराही चढा वाजला तर वरचे सगळे बिनसूर वाटतात, आणि दोष मात्र त्यांच्या माथी जातो. आमच्या क्षेत्रात याला प्रॉडक्शन सपोर्ट म्हणतात. सर्व्हर चालू असला की नाव कोणाला ठाऊक नसतं, बंद पडला की रात्री दोन वाजता पहिला फोन त्यालाच!

पण त्यांना कधीच बोलायला मिळत नाही असंही नाही. बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग ऐका. गायकांनी तोंड उघडण्याआधी चेलो आणि बास माणसासारखं बोलतात, आधीच्या भागांतल्या सुरावटी एकेक करून नाकारतात. पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात तर ही जड वाद्यं अशी धावतात की हत्ती लंगडी खेळतोय असं वाटावं. सेंट-सान्सने 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मध्ये हत्तीचं काम बासलाच दिलं आहे.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. १९६६ साली लेनर्ड बर्नस्टाइनच्या काळात ओरिन ओब्रायन नावाच्या तरुणीची न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या बास विभागात नेमणूक झाली. तेव्हा तो ऑर्केस्ट्रा म्हणजे शंभराच्या आसपास पुरुषांचा मेळा. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी तिच्या वाजवण्याइतकंच, किंबहुना जास्तच, तिच्या दिसण्याबद्दल लिहिलं. तिचे आई-वडील दोघेही हॉलिवूडचे नट. वडील जॉर्ज ओब्रायन हे १९२७ च्या 'सनराइज' या प्रसिद्ध मूकपटाचे नायक, आई मार्गरिट चर्चिल १९३० च्या 'द बिग ट्रेल'मध्ये जॉन वेनची नायिका. म्हणजे प्रकाशझोत घरातच होता. या मुलीने मात्र ठरवून असं वाद्य घेतलं की ज्याच्यामागे स्वतःला लपवता येतं. पंचावन्न वर्षं वाजवून २०२१ मध्ये ती निवृत्त झाली. जोडीला अनेक विद्यार्थी घडवले. तिच्या भाचीने, मॉली ओब्रायनने, तिच्यावर 'द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा' हा लघुमाहितीपट केला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. माहितीपटात आत्याबाई कॅमेऱ्यासमोर संकोचलेल्याच दिसतात. आपल्यावर एवढं लक्ष का, हा त्यांचा मूळ प्रश्न. इतरांना साथ देण्यातच त्यांना खरा आनंद वाटत आला.

आणि या ऑर्केस्ट्राचा १९७८ ते १९९१ या काळातला संगीत दिग्दर्शक कोण? आपल्या मुंबईचे झुबिन मेहता! त्यांचं वाद्य कुठलं? तेही डबल बास! मुंबईत वैद्यकीयचा अभ्यास सोडून १९५४ साली अठरा वर्षांचे झुबिन व्हिएन्नाला संगीत शिकायला गेले. कंडक्टिंगबरोबर तिथे डबल बास शिकले आणि वाजवलाही. वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनीचे संस्थापक. तरीही आधी मुलाला डॉक्टरकीकडेच वळवलं होतं. तेव्हा मंडळी, "आधी मेडिकल, मग काय ते संगीत" हा शोध आपण लावलेला नाही!

आता जरा कडू भाग. नाहीतर मुलं घरी जाऊन म्हणतील की काकांनी सांगितलंय, अभ्यास सोडा आणि बास उचला.

एका मोठ्या ऑर्केस्ट्रात बासच्या खुर्च्या आठ-नऊ. ती खुर्ची रिकामी कधी होणार? जेनबाई एकाहत्तर वर्षं बसल्या, ओरिनबाई पंचावन्न. म्हणजे एका जागेसाठी दुसऱ्याच्या निवृत्तीची वाट पाहायची. जागा निघाली की देशभरातून उमेदवार येतात. स्वतःच्या खर्चाने विमानाचं तिकीट काढायचं, त्यात बाससाठी शवपेटीएवढी पेटी. १९७० च्या दशकापासून पडद्यामागे परीक्षा घेण्याची पद्धत रुळली. वाजवणारा कोण, बाई की पुरुष, गोरा की काळा, हे परीक्षकांना दिसू नये म्हणून. चपलांच्या आवाजावरून ओळख पटू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरतात. पडद्याच्या अलीकडे तुम्ही आणि तुमच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीची पाच-दहा मिनिटं. "थँक यू" असा आवाज आला की पेटी बंद करून विमानतळ. कधी कधी तर दिवसभर सगळ्यांना ऐकून परीक्षक कोणालाच घेत नाहीत. निवड झालीच तरी आधी उमेदवारीचा काळ, मग कायम. चांगल्या वाद्याची किंमत हजारो डॉलर्सच्या दहापटीत सहज जाते. पाठ आणि खांदे कुरकुरतात ते वेगळंच.

नोकरी मिळाली म्हणजे निश्चिंत झालो असंही नाही. आपल्याच अटलांटा सिम्फनीत २०१२ मध्ये साधारण महिनाभर आणि २०१४ मध्ये जवळपास दोन महिने टाळेबंदी झाली. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे आजोबा होते त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. दाराला कुलूप, पगार बंद. २०१२ च्या करारात वादकांची संख्या ९५ वरून ८८ वर आली. २०१४ च्या करारात तर ती ७७ पासून सुरू करून चार वर्षांत पुन्हा ८८ पर्यंत न्यायची असं ठरलं. या दोन्ही वेळी जेनबाई ऑर्केस्ट्रात होत्या. ऐंशी ओलांडलेली बाई, जन्मभराची नोकरी, आणि दाराला कुलूप. ले-ऑफच्या ई-मेलची धास्ती घेऊन जगणाऱ्या आपल्या सगळ्यांना यातली कळ परकी वाटू नये. आपल्यातल्या किती जणांना ती ई-मेल आली आणि साठ दिवसांचं व्हिसाचं गणित करत रात्री काढाव्या लागल्या, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग माझ्या मुलीला मी काय सांगू? बास कर करिअर म्हणून? अकराव्या वर्षी तिला तसं सांगणं जितकं चुकीचं, तितकंच "छंद म्हणून ठीक आहे" असं म्हणून दार आत्ताच बंद करणंही चुकीचं, असं मला वाटतं. तिला हे आकडे मी पुढे सांगेनच, आपल्या मुलांपासून गणित लपवायची आपली पद्धत नाही. पण गणिताच्या बाहेरचं काहीतरी तिला आत्ताच मिळालंय. मध्यंतरी शाळेच्या तालमीहून येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, माझी ट्यून एकटी वाजवली तर अगदी बोअर आहे. पण आज टीचरनी आम्हाला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना वाजवायला लावलं, तर सगळं रिकामं वाटलं. मग आम्ही आलो तेव्हा सगळे हसले." मी विचारलं, "का हसले?" म्हणाली, "बरं वाटलं म्हणून."

आपल्या शिकवण्या, स्पर्धा, स्पेलिंग बी, रिसायटल्स यांतून मुलांना पहिलं यायला शिकवता येतं. पण आपल्या असण्याने दुसऱ्याचा सूर बरोबर लागतो, हा अनुभव तिथे क्वचितच मिळतो. आपल्या संगीतात त्याची किंमत जाणणारी परंपरा आहे. गोविंदराव पटवर्धन पेटीवर बसले की गाणाऱ्याला धीर यायचा. अप्पा जळगावकरांची साथ ऐकायला लोक वेगळे यायचे. साथीला आपण दुय्यम म्हणत असू, पण चांगला साथीदार मिळेपर्यंत मैफल ठरवत नसू. मग इथे आल्यावर मुलांच्या बाबतीत ते का विसरायचं?

फार लांब जायला नको. आज जेवण वेळेवर आलं, माईक चालू आहे, खुर्च्या मांडल्या आहेत. हे कोणी केलं? त्यांची नावं आभारप्रदर्शनात शेवटी, लोक चपला शोधत असताना घेतली जातात. या मंडळात वीस-वीस वर्षं नाटकाचे सेट उचलणारी मंडळी आहेत. त्यांनी कधी प्रवेश घेतला नाही, पण त्यांच्याशिवाय एकही पडदा उघडला नाही.

तेव्हा पालकांना एक सूचना. अटलांटा सिम्फनीची मैफल एकदा मुलांना घेऊन जरूर ऐका. व्हायोलिनकडे सगळेच बघतात. तुम्ही थोडा वेळ उजव्या बाजूला, मागच्या रांगेकडे बघा, जिथे उंच स्टुलांवर बसून ही माणसं गज ओढत असतात. मग डोळे मिटा आणि पायाखालच्या जमिनीकडे लक्ष द्या. रॉबर्ट शॉ यांनी १९७४ मध्ये सुरू केलेला अटलांटा सिम्फनीचा यूथ ऑर्केस्ट्राही आहे, त्याच्याही मैफली होतात. तिथे बास वाजवणारी शाळकरी मुलं-मुली दिसतील. १९४५ सालची जेनसुद्धा अशीच कोणीतरी होती.

आणि मुलांनो, आज ज्यांना बक्षीस मिळेल त्यांचं अभिनंदन. ज्यांना मिळणार नाही पण ज्यांनी मघाशी कोरसमध्ये शेवटच्या ओळीत उभं राहून खालचा सूर धरून ठेवला होता, त्यांना माझ्याकडून शाबासकी. तुमचा आवाज वेगळा ऐकू आला नाही, पण मला जाणवला.

जेवण थंड होतंय, म्हणून इथेच थांबतो. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.